नट आवळूनही कटर का सुटतो?

कोल्हापुरातल्या एखाद्या पॅटर्न शॉपमध्ये सीएनसी राउटरवर कोअर बॉक्सचं काम चाललं आहे, असं समजा. जॉब पंपाच्या केसिंगचा, माल एमडीएफ, कटर १२ मिलिमीटरचा, पोकळीची खोली ४० मिलिमीटर. पडद्यावर झेडचा आकडा बरोबर आहे, प्रोग्रॅम तपासलेला आहे, मोटरचा आवाजही रोजचाच. काम संपल्यावर डेप्थ गेज लावलं, तर सुरुवातीच्या कोपऱ्यात बरोबर ४० भरतात, मध्यावर साडेचाळीस आणि शेवटच्या टोकाला ४१ च्या पुढे.

अशा वेळी ऑपरेटर प्रोग्रॅमवाल्याकडे बघतो आणि प्रोग्रॅमवाला मशीनवाल्याकडे. मशीनवाला येऊन बॉलस्क्रूचा बॅकलॅश मोजतो. दोष बहुतेक वेळा तिथे नसतोच. कटर चालता चालता कोलेटमधून खाली सरकलेला असतो. स्पिंडल कुठे आहे एवढंच मशीनला कळतं. कटरचं टोक कुठे आहे हे आपण झेडचं शून्य घेताना त्याला एकदाच सांगितलेलं असतं. नंतर ते टोक हललं, तर सांगणारं कुणी नाही.

फर्निचरच्या कारखान्यात हेच घडलं तर एक दरवाजा किंवा देव्हाऱ्याची एक जाळी वाया जाते. नुकसान डोळ्यांना दिसतं आणि तिथेच थांबतं. फाउंड्रीच्या गावात तसं नाही. कोअर बॉक्स १ मिलिमीटर जास्त खोल गेला की त्यातून निघणारा वाळूचा कोअर तेवढाच जाड होतो. कोअरची जागा म्हणजे कास्टिंगमधली पोकळी, त्यामुळे पोकळी मोठी होते आणि भिंत पातळ. ६ मिलिमीटरची भिंत ५ वर येते. मोल्डिंगवाल्याला हे कळायचं काही कारण नाही. त्याच्या हातात जो बॉक्स आला त्यात तो वाळू भरतो. लोखंड ओतलं जातं, फेटलिंग म्हणजे कास्टिंगची साफसफाई होते, माल मशीन शॉपला जातो, आणि पाण्याच्या प्रेशरच्या टेस्टला केसिंग पाझरायला लागलं की मग उलटा शोध सुरू होतो. तोवर त्या बॉक्समधून किती कोअर निघाले असतील, ते ऑर्डरच्या आकारावर.

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी या सगळ्या पट्ट्याचा कणा कास्टिंग आहे. या भागाला ओतकामाची सवय जुनी. शेजारच्या सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, तिथून निघणाऱ्या नांगरांच्या मागेही आधी कुणीतरी घडवलेलं लाकडी पॅटर्नच होतं. पॅटर्नचं काम पूर्वी सुतारांचं. सागवान, पटाशी, रंधा आणि एक खास पट्टी. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरच्या त्या पट्टीवरचा एक मीटर प्रत्यक्षात १०१० मिलिमीटरचा असे. आता पट्टीची जागा कॉम्प्युटरवरच्या १.०१ च्या स्केलने घेतली आहे आणि पटाशीची जागा राउटरने. हातातली पटाशी सरकली तर मेस्त्रीला मनगटात कळायचं. राउटरमधला कटर सरकला तर कुणालाच कळत नाही, हा या बदलातला तोटा.

कोलेट म्हणजे स्प्रिंग स्टीलची, उभ्या चिरा दिलेली, बाहेरून निमुळती नळी. आतल्या भोकात कटरची दांडी, म्हणजे शँक, बसते. बाहेरचा निमुळता भाग स्पिंडलच्या तशाच निमुळत्या खोबणीत बसतो. नट फिरवला की कोलेट आत ढकललं जातं, चिरा मिटत जातात आणि भोक दांडीवर आवळतं. कुदळीच्या दांड्यात पाचर ठोकतात त्यातलंच हे तत्त्व, फक्त इथे पाचर गोल आहे आणि चारी बाजूंनी आत दाबते.

आपल्याकडच्या बहुतेक राउटरवर ईआर जातीची कोलेट असतात. स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने १९७२ साली आधीच्या ई जातीच्या कोलेटमध्ये सुधारणा करून ती आणली, पुढे जर्मन डीआयएन ६४९९ मानकात ती गेली आणि आज जगभर कुणीही बनवतं. ईआर ११, १६, २०, २५, ३२ हे आकडे म्हणजे साधारणपणे कोलेटच्या मोठ्या तोंडाचा व्यास. ईआर २० मध्ये १३ मिलिमीटरपर्यंतची दांडी बसते, ईआर ३२ मध्ये २० पर्यंत. चिरा दोन्ही टोकांकडून आळीपाळीने दिलेल्या असतात, त्यामुळे भोक एका तोंडाशीच न मिटता सगळ्या लांबीत सारखं मिटतं. निदान तशी अपेक्षा असते.

उतार एका बाजूला ८ अंशांचा. हिशेब केला तर कोलेट १ मिलिमीटर आत सरकलं की भोकाचा व्यास साधारण ०.२८ मिलिमीटरने कमी होतो. भोक पूर्ण १ मिलिमीटरने आवळायचं तर कोलेट साडेतीन मिलिमीटरहून जास्त आत जावं लागतं. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे कामाला येतो.

आता खरा प्रश्न. वर्कशॉपमध्ये सर्रास दिसणारं स्पिंडल २.२ किलोवॅटचं, २४,००० आरपीएमचं. एवढ्या वेगाला या मोटरचा पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, किती? एक न्यूटन-मीटरसुद्धा भरत नाही, ०.८८ च्या आसपास. आणि टूलिंग कंपन्यांच्या कॅटलॉगात ईआर २० चा नट आवळायला साधारण ८० न्यूटन-मीटर दिलेले असतात. मोटरच्या जोराच्या नव्वदपट जोराने आवळलेल्या नटातून कटर सुटतोच कसा?

सुटतो, कारण कटर पिळून सुटत नाही, थरथरून सुटतो. २४,००० आरपीएमला दोन धारांचा कटर लाकडावर सेकंदाला ८०० वेळा आदळतो. प्रत्येक आदळण्याला दांडी बाजूला किंचित वाकते आणि परत येते. कोलेटच्या तोंडाशी दांडीचा पृष्ठभाग मायक्रॉनच्या भाषेत पुढेमागे घासतो. त्यातच कटर जर खालचा भुसा वर फेकणारा, म्हणजे अपकट स्पायरल असेल, तर त्याच्या पिळाची प्रतिक्रिया कटरला सतत खाली, जॉबच्या दिशेला ओढत असते. भुसा वर जातो, कटर खाली ओढला जातो. ही ओढ एकटी फार मोठी नसते. पण थरथरीमुळे घर्षणाची पकड क्षणाक्षणाला सैल पडते आणि प्रत्येक सैल क्षणी कटर केसाहून बारीक अंतर खाली येतो. म्हणूनच सुरुवातीला ४० आणि शेवटी ४१, एकदम झटका नाही. डाउनकट कटर उलट वर, कोलेटच्या आत दाबला जातो. तो सहसा सुटून खाली येत नाही. मात्र खोल पोकळीतला भुसा तो बाहेर काढत नाही, त्यामुळे कोअर बॉक्सच्या कामाला दर वेळी चालतोच असं नाही.

कटर सुटला की आपल्या माणसाचं पहिलं उत्तर ठरलेलं: नट अजून आवळ. पान्याला पाइप लावतात, प्रसंगी हातोडीचे दोन ठोके देतात. मला हे उत्तर जवळजवळ नेहमीच चुकीचं वाटतं, आणि त्याचं कारण नटाच्या आट्यांत आहे. साध्या नट-बोल्टात आपण लावलेल्या जोरातला सुमारे नऊ-दशांश भाग आटे आणि बसण्याची कड यांच्या घर्षणात खर्ची पडतो. प्रत्यक्ष दाब बनतो तो उरलेल्या दहाव्या हिश्श्यातून. आट्यांत एमडीएफचा चुरा भरला असेल, तर हाताला नट घट्ट लागतो, पाना पुढे हलत नाही, माणसाचं समाधान होतं, पण जोर चुऱ्यातच जिरतो. कोलेटपर्यंत पोचतो तो थोडाच. अशा नटाला पाइप लावला की आटे ओरबाडले जातात, नटाची कड दबते, आणि ठोक्यांचा हिशेब स्पिंडलच्या बेअरिंगांना चुकवावा लागतो.

८० न्यूटन-मीटर म्हणजे प्रत्यक्षात काय, तेही बघावं. २५ सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण ३२ किलोचा ओढा. राउटरबरोबर येणारा पातळ चपटा पाना १५ सेंटीमीटरचा असेल, तर तेवढ्याच टॉर्कला ५४ किलो लागतात, जे एका हाताने शक्य नाही. म्हणजे छोट्या पान्याने नट कमी आवळला जाणं आणि पाइप लावून वाजवीपेक्षा जास्त आवळला जाणं, दोन्ही सहज होतं. ज्या शॉपमध्ये टॉर्क रेंच आहे तिथे हा वाद मिटतो. स्पिंडल बनवणाऱ्याने स्वतःचा आकडा दिला असेल तर तोच पाळायचा. काही हलक्या स्पिंडलांना कॅटलॉगातला पूर्ण जोर झेपत नाही. दोन पाने वापरायचे, एक स्पिंडलला धरून आणि एक नटाला, म्हणजे जोर बेअरिंगांवर जात नाही.

पकड बनते ती पृष्ठभागांतून, आणि ते पृष्ठभाग चार आहेत: दांडीचा बाहेरचा, कोलेटचा आतला, कोलेटचा बाहेरचा आणि स्पिंडलच्या खोबणीचा. यांतल्या कशावरही घाण असली की पकड जाते. एमडीएफ आणि प्लायमध्ये चिकटवायला वापरलेलं रेझिन गरम कटरवरून वर चढतं आणि कोलेटच्या चिरांमध्ये व भोकात तांबूस थर धरतं. सागवानाचं तेलही त्यात मिसळतं. कोलेट उजेडाकडे धरून आत बघितलं तर हा थर भोकाच्या पुढच्या भागात जास्त आणि मागे कमी दिसतो. म्हणजे दांडी त्या थरावर दोन-तीन ठिकाणी टेकलेली असते, स्टीलवर नाही. आणि थर असा की गरम झाला की मऊ पडतो.

म्हणून कटर बदलताना दर वेळी कोलेट नटातून काढून पुसणं हा उपाय नट आवळण्याच्या आधी येतो. भोकात पितळी किंवा नायलॉनचा गोल ब्रश, चिरांतून हवा, रेझिन धरलं असेल तर सॉल्व्हेंटमध्ये भिजवून मग कोरडं कापड. लोखंडी ब्रश किंवा पॉलिश पेपर नको. भोक घासलं गेलं की मापच जातं. स्पिंडलच्या खोबणीत स्वच्छ कापड बोटाला गुंडाळून फिरवायचं. तिथे हवेची नळी थेट मारू नये, चुरा बेअरिंगकडे जातो. पावसाळ्यात कोलेटवर गंज धरू नये म्हणून ती तेलात ठेवण्याची पद्धत आहे, ती बरोबरच. पण लावायच्या आधी दांडी आणि भोक पूर्ण कोरडं हवं. तेल लागलंच तर आट्यांना, तेही एक थेंब लावून पुसून घेतलेलं.

मापाची गफलत आपल्याकडे जास्त होते, कारण बाजारात इंची आणि मेट्रिक दोन्ही कटर शेजारीशेजारी विकले जातात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, अर्धा इंच म्हणजे १२.७. अर्ध्या इंचाच्या कोलेटमध्ये १२ मिलिमीटरची दांडी आरामात जाते आणि आवळलीही जाते, कारण ईआर कोलेट बहुतेक मापांत १ मिलिमीटरपर्यंत मिटतं. कॅटलॉगप्रमाणे हे चालतंसुद्धा. पण वरचा हिशेब आठवा: ०.७ मिलिमीटर मिटायला कोलेट अडीच मिलिमीटर आत जावं लागतं. शिवाय चिरांमधल्या मोठ्या वर्तुळाच्या पाकळ्या लहान वर्तुळावर आवळल्या की प्रत्येक पाकळी पूर्ण रुंदीने न टेकता एका रेघेत टेकते. ड्रिलिंगला, जिथे जोर सरळ वर असतो, हे खपून जातं. राउटरच्या बाजूच्या जोराला खपत नाही. ज्या मापाची दांडी त्याच मापाचं कोलेट, हा नियम राउटरवर तरी मोडू नये. चांगल्या कार्बाइड कटरची दांडी एच६ टॉलरन्सची असते: ६ मिलिमीटरच्या दांडीत फार तर ८ मायक्रॉन कमी, जास्त कधीच नाही. स्वस्तातल्या कटरच्या दांडीला मायक्रोमीटर लावून बघितला की फरक कळतो. व्हर्निअरवर ८ मायक्रॉन दिसत नाहीत.

लावण्याची पद्धतही बघावी. ईआर नटाच्या आत एक कडा किंचित एका बाजूला सरकवलेला असतो. कोलेटच्या तोंडाजवळच्या खाचेत तो अडकवायचा असतो, म्हणून कोलेट जरा तिरकं धरून आधी नटात ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बसवायचं आणि मग नट स्पिंडलवर चढवायचा. पुष्कळ ठिकाणी उलटं होतं: कोलेट आधी स्पिंडलमध्ये टाकतात आणि वरून नट फिरवतात. मग कडा खाचेत न बसता कोलेटच्या तोंडावर दाबला जातो, कोलेट वाकडं बसतं, तोंड चेपतं, आणि सोडताना कोलेट आतच अडकतं. ते काढायला मग स्क्रूड्रायव्हर घालतात. तो ओरखडा पुढच्या प्रत्येक जॉबला भोवतो.

दांडी किती आत घालायची? कोलेटच्या लांबीचा किमान दोन-तृतीयांश भाग तरी भरला पाहिजे, पूर्ण भरला तर उत्तम. दांडी फक्त तोंडाशी धरली तर कोलेटचं मागचं टोक मोकळं राहतं, ते जास्त मिटतं आणि भोक कर्ण्यासारखं होतं. मग लांब दांडीचा कटरही त्यात नीट बसत नाही. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे दांडी तळाला टेकवून आवळणं. नट फिरतो तेव्हा कोलेट आत सरकतं आणि दांडीला सोबत ओढतं. तळाला टेकलेली दांडी सरकू शकत नाही, त्यामुळे कोलेट तिच्यावरून घसरत आवळतं आणि पकड अर्धवट राहते. तळाला टेकवून दोन मिलिमीटर बाहेर काढायची आणि मग आवळायची. कटरच्या पिळाचे खड्डे मात्र कोलेटमध्ये जाऊ द्यायचे नाहीत. कटर बाहेर जितका कमी लोंबेल तितका चांगला: बाहेरची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराला वाकणं आठपट होतं, आणि वाकण्यातूनच सुटण्याची सुरुवात होते. आत कटर नसताना नट कधीही आवळू नये. रिकामं कोलेट मर्यादेबाहेर मिटतं आणि त्याची स्प्रिंग मरते.

धार गेलेल्या कटरला आणि चुकीच्या फीडलाही, म्हणजे कटर पुढे सरकण्याच्या वेगालाही, यात वाटा द्यावा लागतो. दोन धारांचा कटर १८,००० आरपीएमला मिनिटाला ५,४०० मिलिमीटर चालला तर प्रत्येक धार ०.१५ मिलिमीटरचा काप घेते. जपून चालवायचं म्हणून कुणी फीड १,००० वर आणला, तर काप ०.०३ च्याही खाली जातो. धार लाकूड कापण्याऐवजी घासते, कटर तापतो, ती उष्णता दांडीतून कोलेटमध्ये चढते आणि तिथलं रेझिन मऊ पडतं. जपून चालवल्यामुळे कटर सुटला, हे ऐकायला उलटं वाटतं, पण एमडीएफवर असं बरेचदा घडतं. फीड कमी करायचा असेल तर आरपीएमही कमी करावेत. खोल पोकळीत थेट सरळ खाली घुसण्यापेक्षा उताराने उतरावं, आणि एका फेरीत खूप खोली घेऊ नये.

हे सगळं करूनही शंका राहते, आणि तिला एक स्वस्त तपासणी आहे. नट आवळून झाला की कायम शाईच्या बारीक मार्करने दांडीवर, कोलेटच्या तोंडाला लागून, एक गोल रेघ आणि तोंडावरून दांडीवर जाणारी एक उभी रेघ मारायची. जॉब संपल्यावर बघायचं. गोल रेघ तोंडापासून दूर गेली असेल तर कटर खाली आला. उभी रेघ तुटली असेल तर कटर फिरला. फक्त फिरला असेल तर बहुधा आवळ कमी पडला किंवा दांडीला तेल होतं. खाली आला असेल तर घाण, माप किंवा झिजलेलं कोलेट. दांडीवर तांबूस-तपकिरी पूड किंवा घासल्याचे चट्टे दिसले, तर रेघ हलली नसली तरी घासणं सुरू झालेलं आहे.

आणि कोलेट झिजतं, ही गोष्ट आपल्याकडे मानायला लोक तयार नसतात. कटर बोथट झाला की बदलतात, कोलेट मात्र मशीनबरोबर आलं तेच वर्षानुवर्षं चालतं. लाकूडकामाचे टूल बनवणारे साधारण ४०० ते ६०० तासांनंतर कोलेट बदलायला सांगतात. रोज आठ तास स्पिंडल फिरत असेल तर हे तीन महिन्यांच्या आतबाहेर होतं. तापण्या-थंड होण्याने स्प्रिंग स्टीलची उसळी जाते आणि भोक तोंडाशी मोठं होतं. चांगल्या प्रतीचं कोलेटसुद्धा एका मोठ्या कार्बाइड कटरपेक्षा महाग नसतं, आणि वाया गेलेल्या कोअर बॉक्सशी तर तुलनाच नको. कोलेटच्या डबीवर लावल्याची तारीख लिहून ठेवणारी शॉप मी फार कमी बघितली आहेत.

नवं, मापाचं, स्वच्छ कोलेट घालूनही कटर सुटत असेल, तर उरतो तो चौथा पृष्ठभाग, स्पिंडलची खोबण. कटरऐवजी चांगली घासलेली गोल पिन लावून, डायल गेजची सुई तिच्यावर टेकवून स्पिंडल हाताने फिरवायचं. कोलेटपाशी आणि थोडं खाली, अशा दोन ठिकाणी रनआउट, म्हणजे डगमग, बघायचा. कोलेट फिरवून बसवल्यावर डगमग जागा बदलत असेल तर दोष कोलेटचा. तिथल्या तिथे राहत असेल तर स्पिंडलचा. आधी कधी तरी चुऱ्यासकट आवळलेलं कोलेट आत घसरून फिरलं असेल, तर खोबणीत गोल ओरखडे पडलेले असतात आणि टॉर्चच्या उजेडात ते दिसतात. अशा खोबणीला पॉलिश पेपर मारून काही होत नाही, मापच बिघडतं. स्पिंडल उतरवून ग्राइंडिंगला पाठवावं लागतं, आणि ते येईपर्यंत त्या मशीनवर खोल कोअर बॉक्स लावू नये.